तिसरी साक्ष

हिमायतनगरवरून मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग जातो. दोन्ही अंगांना कापूस-सोयाबीनचं काळं रान. या शिवाराची ड्रोनने छायाचित्रं घेतली, तर त्यांत रेषाच रेषा दिसतील: रूळ, बांध, सऱ्या, पत्र्यांच्या कडा. एका चित्रातला बांध दुसऱ्या चित्रातली नेमकी कोणती रेषा, हे संगणकाने कसं ओळखायचं?

रेषेला बिंदूसारखी ठाम जागा नसते. तिची टोकंही भरवशाची नाहीत; बाभळीच्या सावलीत बांध एका चित्रात तुटतो, दुसऱ्यात सलग दिसतो. म्हणून तिच्या दोन्ही कडांचा मजकूर पाहावा लागतो: इकडे पिकाचा हिरवा, तिकडे नांगरटीचा काळा. बांधाची ओळख शेजाऱ्यांवरून पटते.

पण शेजारी फसवे निघाले आणि चित्रं दोनच असली, तर भूमिती मदतीला येत नाही. कॅमेऱ्याचं स्थान आणि चित्रातली रेषा मिळून एक प्रतल ठरतं. दोन चित्रांची दोन प्रतलं बहुधा एकमेकांना छेदतातच. रुळाची जोडी चुकून बांधाशी लावली, तरी अधांतरी कुठली तरी रेषा निघतेच. दोघांचं जुळलं, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तिसऱ्या चित्राचं प्रतल त्याच रेषेतून गेलं, तर मात्र जोडीला आधार मिळतो. संगणकीय दृष्टीचे संशोधक कॉर्डेलिया श्मिड आणि अँड्र्यू झिसरमन यांनी १९९७ साली मांडलेल्या पद्धतीत हाच विचार आहे: दोन चित्रं असतील तर मुख्य भिस्त कडांच्या छटांवर, तीन असतील तर जोडीला भूमितीची पडताळणी.

तिसऱ्या साक्षीचा हा आग्रह जुनाच आहे. त्रिकोणांच्या जाळ्याने भारत मोजणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या सर्वेक्षणाची महारेषा ज्या ७८ अंश रेखावृत्तालगत गेली, ते हिमायतनगरपासून फार दूर नाही. त्रिकोणाचे दोन कोन कळले की तिसरा गणिताने निघतो. तरी मोजणीदार तिसराही कोन प्रत्यक्ष मोजत. हिशेबाने निघालेलं उत्तर आपली चूक आपण सांगत नाही.

साक्षीदार वाढवले म्हणजे भागलं, असंही नाही. ड्रोन रुळाला समांतर उडाला, तर प्रत्येक चित्रातून तेच एक प्रतल मिळतं. शंभर चित्रं काढली तरी रूळ किती अंतरावर, ते कळत नाही. त्यासाठी आडवं जावं लागतं. एकाच दिशेने चालणाऱ्यांच्या एकमताला आपण फार लवकर पुरावा मानतो. पुराव्याचं वजन संख्येत नसून, साक्षीदार कुठे उभा आहे यात असतं.