न दिसणारा सांधा

सांधा दिसू नये आणि त्याचं कौतुकही व्हावं, या माझ्या दोन इच्छांचा मेळ बसत नाही. बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या घरी जुन्या पद्मिनी गाडीच्या स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कवच जोडायला बसलो, की त्या दोघी हटकून भांडतात.

काम चिकाटीचं. तुकडा पाण्यात बुडाला आणि ॲसिटोनने मऊ पडला, तर बहुधा एबीएस. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याच्यापुढे ॲसिटोनचं काही चालत नाही. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं की ती पुढे सरकत नाही. मागून तारेची जाळी तापल्या सोल्डरिंग आयर्नने आत बसवायची, पुढून एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून भरायचा. मग पाण्याचा पॉलिश पेपर आणि रंग. शेजारी म्हणतात, "एकदम नवी लागे छे!" मी लगेच मोबाइलमधला जाळीचा फोटो दाखवतो. काही लपवत नाही, किती सरळ माणूस, असं त्यांना वाटतं. खरं तर ती माझ्या हुशारीची जाहिरात असते.

मग सांधा दिसू नये, हा हट्ट तरी कशासाठी? जानेवारी 2023मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरच्या जुन्या गाड्या आल्या होत्या. तिथलं लाकूड, चामडं, पितळ आठवलं की माझ्या गाडीचं तडकलेलं प्लास्टिक डोळ्यांत खुपतं. लाज प्लास्टिकला नसते, मला असते. ती बुजवण्यासाठीच मी भेग बुजवतो.

उद्या कुणी गाडी घ्यायला आला आणि सांध्याबद्दल सांगितल्याने भाव पडणार असेल, तर माझी जीभ इतकीच सैल सुटेल? सबबी तयार आहेत: प्लास्टिकच तर आहे, इंजिन थोडंच आहे, विचारलं नाही, तर सांगायचं कशाला. बाहेर उत्तर शोधावं, तर जुन्या वास्तूंसाठीची 1964ची व्हेनिस सनद म्हणते, नवा भाग मूळ रूपाशी मिळताजुळता असावा, तरी वेगळा ओळखू यावा. आपल्याकडच्या 2021च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी व्हायची, तर ती मूळ रूपात हवी. त्यात एक कवच मोजतात का, यावर वकिली खूप करता येईल. इथून जवळच न्यायमंदिर आहे. त्यातलं न्यायालय दुसरीकडे हललं, माझा खटला मात्र घरातच चालू आहे आणि वकील, आरोपी, न्यायाधीश तिघंही मीच. अशा खटल्यात आरोपी सहसा सुटतो.

म्हणून गाडीच्या कागदपत्रांसोबत एक वही ठेवली आहे. काय तुटलं, कशाने जोडलं, सगळं तिच्यात लिहितो. लिहिणं सोपं आहे, त्याची किंमत काहीच पडत नाही. किंमत पडेल ती वही गिऱ्हाइकापुढे भाव ठरण्याआधी उघडताना, आणि तेवढं मी स्वतःकडून मागतो. तोवर शेजाऱ्यांना फोटो दाखवणं बंद. ज्याला गाडी घ्यायचीच नाही, त्याच्यापुढे खरं बोलण्यात पुण्य कसलं?