मातीची गाय, घाटातला खेकडा आणि दिवाळीतला राजगड

मूळ वस्तू आणि तिची प्रतिकृती यांच्या नात्याचा विचार भारतीय दर्शनांत अनेक अंगांनी झाला आहे, पण त्यातले सर्वांत नेमके उदाहरण गौतमाच्या न्यायसूत्रांत, शब्दार्थाच्या चर्चेत सापडते. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय, असे विचारून तिथे तीन पर्याय तपासले जातात: व्यक्ती, म्हणजे दावणीला बांधलेली ती एक गाय; आकृती, म्हणजे शिंगे, शेपूट, खूर यांची ठरावीक ठेवण; आणि जाती, म्हणजे सर्व गाईंत समान असणारे गोत्व. या वादात मृद्गवक, म्हणजे मातीची गाय, साक्षीला आणली जाते. तीही एक वस्तू आहे आणि आकारही गाईचाच आहे, तरी तिच्यावर कोणी प्रोक्षण, म्हणजे विधिपूर्वक पाणी शिंपडणे, करत नाही, कारण तिच्यात गोत्व नाही. तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो असा निर्णय शेवटी दिला जातो, पण मातीची गाय त्या अर्थाच्या बाहेरच राहते.

मराठी घरांनी हा निर्णय फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. गोठ्यात बैल नसलेल्या घरी पोळ्याला किंवा बेंदराला कुंभाराकडची मातीची बैलजोडी पाटावर मांडली जाते, तिला हळदकुंकू वाहिले जाते आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. सूत्रकाराने जसा उपचार मातीच्या गाईला लागू मानला नाही, तसाच इथे दरवर्षी घडतो, आणि तो करणाऱ्या बाईला हा बैल नांगर ओढणार नाही हे सूत्रकाराइतकेच ठाऊक असते. म्हणजे प्रतिकृतीत काय नाही हे न्यायाने अचूक सांगितले. तिच्यात काय आहे, हा प्रश्न मात्र मोकळा राहिला.

हा प्रश्न आजच्या काळात कसाला लागतो तो रेल्वे इंजिनांच्या रंगवलेल्या प्रतिकृतींवर. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून भाऊ जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, आणि रेल्वेच्या प्रतिकृती करण्याचा छंद असलेले लोक साधारणपणे १:८७ या प्रमाणात, म्हणजे मुळातले ८७ सेंटिमीटर एका सेंटिमीटरात बसवून, काम करतात. बोरघाटात १९२८ च्या सुमारास आलेले, स्वित्झर्लंडच्या विंटरथुर येथील आराखड्यावर बांधलेले विजेचे मालगाडीचे इंजिन त्यांच्यासाठी आदर्श नमुना ठरावे. मधे खोली, दोन्ही बाजूंना लांब नाके आणि चाकांना जोडणाऱ्या दांड्या अशी त्याची घडण होती, आणि रेल्वेतल्या लोकांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. (इंग्रजी कागदपत्रांतला ‘भोर घाट’ तो हाच, खंडाळ्याचा; भोर गाव तिथून बरेच दूर आहे. नावावरून वस्तू ओळखू पाहणाऱ्याची फसगत कशी होते, याचे हे घरचे उदाहरण.)

कारखान्यातून येणारे तयार मॉडेल हे न्यायाच्या भाषेत केवळ आकृती असते. ते कोणत्याही एका इंजिनाचे नसून त्या वर्गातल्या सगळ्यांचे असते. रंगवणारा आधीचा रंग उतरवतो, अस्तराचा हात देतो, एअरब्रशने पातळ थर चढवतो आणि डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे आकड्यांचे पापुद्रे, बसवून त्याला एक ठरावीक क्रमांक देतो. त्यानंतरचे काम सर्वांत नाजूक असते. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक सतत चाकांवर घासतात, त्यातून उडणारी लोखंडाची तांबूस पूड इंजिनाच्या खालच्या अंगावर बसते, आणि तो तांबूसपणा कोरड्या कुंचल्याने नेमका तिथेच, पायरीच्या खाली, उमटवावा लागतो. आकृतीतून व्यक्ती घडते ती या टप्प्यावर, आणि ती घडवणारा धातू किंवा प्लास्टिक नसून रंग असतो.

पण मग ती व्यक्ती नेमकी कोणत्या दिवसाची? १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनची राणी’ या गाडीचे उदाहरण इथे अडचणीत टाकते. पहिल्यापासूनच तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी रंगावर लाल पट्ट्यांचा आणि दुसरा गडद निळ्यावर सोनेरी रेघांचा; पुढे डबे बदलले, इंजिने बदलली, रंगही अनेकदा बदलले. मूळ रंग कोणता, हा प्रश्न पहिल्या दिवशीही एका उत्तराने सुटला नसता. तेव्हा ‘मुळाबरहुकूम’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही: प्रतिकृती ज्याला उत्तरदायी असते ते मूळ म्हणजे वस्तू नसून त्या वस्तूचा निवडलेला एक क्षण असतो, आणि ही निवड करणाऱ्याची असते.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे क्षणाची हीच निवड वेगळ्या रीतीने दिसते. दिवाळीत अंगणोअंगणी दगड, लाल माती आणि चिखलात बुडवलेले गोणपाट यांतून जे किल्ले उभे राहतात, त्यांतल्या कितीतरींचे मूळ वेल्ह्याच्या परिसरातच, राजगड आणि तोरण्यावर, उभे आहे. राजगड करणारी मुले पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या काढतात, सुवेळेच्या कड्यातले नेढे चिखलात बोटाने भोक पाडून दाखवतात, उतारावर अळीव पेरतात आणि बालेकिल्ल्यावर शिवरायांचे मातीचे चित्र बसवतात, जे बहुतेक वेळा दरवाजाहून उंच असते. मोजपट्टीने पाहिले तर ही चूक आहे. परंतु मूर्तिशास्त्रातही मुख्य देवता परिवारातल्या इतरांहून मोठी घडवली जाते, कारण तिथे माप अंतराचे नसून महत्त्वाचे असते. शिवाय मुलांच्या किल्ल्यावर राजसदर शाबूत असते आणि पहारेही उभे असतात, म्हणजे त्यांनी निवडलेला क्षण आजच्या पडक्या गडाचा नसून सतराव्या शतकातला असतो. इंजिन रंगवणारा गंज दाखवून खरेपणा साधतो, तर मुले पडझड वगळून. दोघेही आपापल्या निवडीशी प्रामाणिक आहेत, आणि म्हणून १:८७ ची शिस्त अधिक खरी व गोणपाटाचा किल्ला कमी खरा असे म्हणण्यास आधार नाही.

न्यायसूत्रांनीच अन्यत्र स्मृती जागवणाऱ्या कारणांची यादी दिली आहे आणि तिच्यात सादृश्याला, म्हणजे सारखेपणाला, जागा आहे. मृद्गवकाला गोत्व नाकारणाऱ्या शास्त्राने त्याला हे दुसरे काम देऊन ठेवले होते. हे दोन धागे जोडले तर पाटावरच्या बैलाचा उलगडा शास्त्राच्या आतूनच होतो.

खेकड्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. म्हातारी गाय दूध देत नाही म्हणून तिचे गोत्व जात नाही, या न्यायाने तेही इंजिनच आहे. पण आता ते गाडी ओढत नाही, घाटाची तांबूस पूड त्याच्यावर बसत नाही, आणि त्याला रंग द्यायचा झाला तर तो कोणत्या वर्षाचा द्यायचा हे तिथल्या रंगाऱ्यालाही ठरवावे लागते.