आधी ऐक, मग हात लाव

"लॅपटॉप जुना झालाय, सर." हे कारण पुन्हा माझ्यापुढे आणू नकोस. डबलबारी भजनाच्या गजराखाली तू सॉफ्टवेअर सिंथचा पॅड घातलास, त्यात दर दोन ओळींनी कट्कट् वाजते, आणि ती झाकायला वरून रिव्हर्ब ओतलास. कुणी शिकवलं तुला हे? रिव्हर्बने ती कट् झाकली जात नाही, उलट लांबते.

मला एवढंच सांग, फाईल एक्सपोर्ट करून ऐकलीस? नाही ना? मग बफर, ड्रायव्हर, प्लगइन, सगळ्यांना एकाच रात्री हात कशाला लावलास? आता कशाने काय झालं, हे तुलाही सांगता येणार नाही.

एक्सपोर्ट करताना संगणकाला घाई नसते. एका सेकंदाच्या आवाजाला पाच सेकंद लागले तरी चालतात. तिथे आवाज स्वच्छ आला, तर दोष गणित वेळेत न उरकण्याचा. तू बफर ६४ सॅम्पलवर ठेवलायस. ४४,१०० सॅम्पल रेटला ६४ म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद! तेवढ्यात साऱ्या सिंथचं गणित पुरं झालं नाही, की आवाजात खळगा पडतो आणि तोच फट्कन ऐकू येतो. वाजवून झालंय ना? मग मिक्सला १,०२४ कर. २३ मिलिसेकंदांच्या उशिराने तेव्हा कुणाचं अडत नाही. जड ट्रॅक फ्रीझ कर. वायफाय बंद कर, त्याचा ड्रायव्हरही प्रोसेसरला मध्येच अडवून धरतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वेग उतरवतो, हे मालवणात राहणाऱ्याला मी सांगायचं?

एक्सपोर्टमध्येही कट् त्याच जागी आली, तर बफर कितीही वाढव, काडीचा फरक पडणार नाही. झूम करून बघ की मेल्या! तुझ्या पॅडचा अटॅक शून्यावर आहे, म्हणून लाट सरळ उभीच चढते. पाच-दहा मिलिसेकंद दे. सूर सुटताना कट् येत असेल तर रिलीज वाढव. पॉलिफनी आठवर आणि सस्टेनवरचा पाय तू उचलत नाहीस. मग नव्या स्वराला जागा द्यायला सिंथ जुना स्वर मध्येच तोडतो. आणि मास्टरवरचा लाल दिवा शोभेला नाही, आवाज खाली घे.

वायर हलवल्यावर खरखर आली, तर सॉफ्टवेअरला हातही लावू नकोस. इथल्या खाऱ्या हवेत जॅक गंजतात. पुसायला काढ.

सिंथचा स्वर उद्या पुन्हा काढता येईल. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच ६४ वर, सगळे सिंथ चालू ठेवून, तू बुवांचा आवाज आणि पखवाज रेकॉर्ड केलास. तिथे पडलेला खळगा फाईलमध्येच बसलाय, तो कुठल्या एक्सपोर्टने भरणार नाही. सिंथचे ट्रॅक आधी फ्रीझ करायचे, बफर वाढवायचा आणि बुवांना डायरेक्ट मॉनिटरिंगने त्यांचा आवाज ऐकवायचा, एवढंच काम होतं. रात्रभर बारी करून आलेला माणूस, घसा बसलेला असताना तुझ्यासाठी उभा राहिला. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन खरं कारण तूच सांगायचंस.

आज रात्री बाकी सगळं म्यूट कर. एकच सिंथ एक्सपोर्ट कर आणि हेडफोन लावून ऐक. कट् कुठल्या मात्रेवर येते ते वहीत लिही. उद्या ती वही घेऊन ये, लॅपटॉप घरीच राहू दे.