आधी निवू द्या, मग उघडा



आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांवर अनेक वर्षे ॲम्बेसेडर धावली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुष्कळांना ठाऊक नसेल, पण जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि १९५५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या 'एमजीए' या देखण्या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन एकाच घराण्यातले. दोघींचे एक दुखणेही सारखेच. इंजिन तापले आणि आपण दुर्लक्ष केले की हेड गॅस्केट उडते.

उन्हाळ्यात घाट चढताना काटा वर सरकतो. चालक पाणी ओततो आणि पुढे निघतो. पुन्हा तापते, पुन्हा पाणी. शेवटी पाणी ऑइलमध्ये शिरते, ऑइल दुधासारखे होते आणि बेअरिंग खराब होतात. आपल्या घरांतही असेच होते ना? बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, सासू-सुनेत अबोला असतो. नाताळला तोंडदेखले बोलून आपण वरून पाणी ओततो. आतले दुखणे तसेच राहते.

जाणता मेकॅनिक घाई करत नाही. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर बिडाचे हेड तडकू शकते, म्हणून तो आधी ते निवू देतो. मग हेड उतरवतो, सरळ पट्टी ठेवून ते वाकले आहे का पाहतो. वाकले असेल तर मशीनवर फेसिंग करून घेतो. नवे गॅस्केट घालून मधल्या नटापासून कडेपर्यंत सगळे नट क्रमाने, थोडे थोडे आवळतो. एकच नट एकदम आवळला तर हेड नीट बसत नाही. शिवाय गाडी का तापली, रेडिएटर तुंबला की पाण्याचा पंप गळतो, हे शोधल्याशिवाय तो गाडी सोडत नाही.

समेटाची वाटही हीच आहे. आधी राग निवू द्यावा. मग विवेकपरीक्षा करावी. प्रभूचे वचन ही आपली सरळ पट्टी. पापनिवेदनात मन उघडावे, भांडणाचे मूळ शोधावे आणि तुटलेले नाते धीराने जुळवावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात मालक निष्फळ अंजिराचे झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालायला तयार होतो. आपण कोणाला भंगारात काढण्याआधी तेवढी मुदत दिली आहे का?

येत्या रविवारच्या मिस्साआधी, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जाऊ या. प्रभू आपल्याला त्या माळ्याचा धीर देवो. आमेन.