दारामागे कोण होते?



एखादा नामांकित माणूस खुनाच्या खटल्यात सापडला की त्याचा न्याय दोन ठिकाणी सुरू होतो. एक कोर्टात आणि दुसरा आपल्या ओट्यावर. मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात, चहाच्या टपरीवर, पेरूच्या पाट्या भरता भरता आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्यात फारसे वावगे नाही. ज्या गावात न्यायाविषयी कोणी बोलतच नाही, ते गाव काही फार सुखी नसते. पण ओट्यावरच्या चर्चेत एक प्रश्न हमखास पुढे येतो आणि बाकी सारे प्रश्न मागे पडतात. मारणारा कसा माणूस होता आणि मेलेला कसा होता?

नानावटी खटला आपल्यातील वडीलधाऱ्यांनी ऐकलेला असेल. तरुणांना तो २०१६ च्या ‘रुस्तम’ चित्रपटामुळे ठाऊक आहे. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नी सिल्व्हिया यांनी त्यांना सांगितले, की प्रेम आहुजा या मुंबईच्या व्यापाऱ्याशी आपले संबंध आहेत. दुपारी नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले. मग ते बोटीवर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजांच्या ऑफिसात गेले आणि तेथे ते न भेटल्याने घरी गेले. आहुजा नुकतेच अंघोळ करून बाहेर आले होते, कमरेला टॉवेल होता. नानावटी झोपण्याच्या खोलीत शिरले, दार बंद झाले आणि तीन गोळ्या सुटल्या. त्यानंतर नानावटी स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले.

त्या बंद खोलीत काय झाले हे सांगायला एकच माणूस जिवंत उरला होता. नानावटींचे म्हणणे असे, की झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. सरकारी पक्षाने विचारले, झटापट झाली तर कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. कोणाही शहाण्या माणसाला पुराव्यावरून असा निर्णय काढता येणार नाही, असे न्यायाधीश रतिलाल मेहता यांचे मत पडले आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले.

बाहेर काय चालले होते? ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली होती. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगतात. मुंबईच्या रस्त्यांवर ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी आणि ‘आहुजा टॉवेल’ विकायला आले. मेलेल्या माणसाच्या अंगावरचा टॉवेल हा थट्टेचा माल झाला! आजही हा किस्सा सांगताना लोक नानावटींना ‘ते’ म्हणतात आणि आहुजांना ‘तो’. देशासाठी समुद्रावर जाणारा अधिकारी आणि दुसऱ्याचे घर फोडणारा श्रीमंत रंगेल. एवढे ठरले की पुढचा निकाल आपोआप ठरतो. व्यभिचार हे पाप आहे, यात शंका नाही. पण त्या पापाला देहदंड द्यावा आणि तो नवऱ्याने स्वतःच्या हाताने द्यावा, असे सांगणारा कायदा आपल्या देशात तेव्हाही नव्हता.

वरच्या कोर्टांनी चर्चा पुन्हा कृत्याकडे आणली. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप दिली. तेथे सरकारची बाजू यशवंतराव चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा कायम केली. अचानक आलेल्या रागाचा बचाव कोर्टाने ऐकून घेतला, तपासला. पण घर सोडल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, आणि त्या तीन तासांत सिनेमा, बोट, रिव्हॉल्व्हर, ऑफिस अशी एकेक पायरी विचाराने चढली गेली होती. बायबलमध्ये हाबेलच्या रक्ताविषयी वाचतो तेव्हा हाबेल स्वभावाने कसा होता, हे तेथेही कोणी फारसे विचारत नाही.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू, कारण हाच प्रश्न तेथे अधिक उघडा पडला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला धावपटू ऑस्कर पिस्टोरियस २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धडधाकट खेळाडूंबरोबर धावला आणि जगाचा लाडका झाला. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने आपल्या घरातील शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती. ती मेली. चोर शिरला असे वाटले, हे त्याचे म्हणणे. सारे जग एकाच गोष्टीवर भांडत राहिले. आत रीवा आहे हे त्याला ठाऊक होते की नव्हते? खालच्या कोर्टाने २०१४ मध्ये सदोष मनुष्यवध ठरवून पाच वर्षे दिली. सरकारने अपील केले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो खूनच ठरवला. कारण नीट वाचण्यासारखे आहे. एवढ्याशा जागेत दाराआड कोणीतरी आहे हे जाणून चार गोळ्या झाडणाऱ्याला तो माणूस मरू शकतो हे कळत होते, आणि मग तो माणूस कोण होता याने गुन्हा बदलत नाही.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मानवी प्रतिष्ठेवर पुष्कळ पाने वाचली. पण ‘दारामागे चोर असला तरी तो माणूसच’ इतक्या कमी शब्दांत ती क्वचितच सापडते. आहुजांच्या बाबतीत मुंबई अडली ती इथेच. दारामागे ‘असला’ माणूस होता, मग काय बिघडले?

मग दयेचे काय? दया नको असे धर्मगुरूने कसे म्हणावे? संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले, की दया न्यायाला पुसून टाकत नाही, पूर्ण करते. म्हणजे तिची पाळी न्यायानंतर येते. नानावटी प्रकरणात ती फार लवकर आली. हायकोर्टाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली, आणि अपील कोर्टापुढे असताना असे करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाला सांगावे लागले. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्याआधी आहुजांची बहीण मामी हिची लेखी संमती घेतली गेली, असे नंतरच्या हकिकतींत येते. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. बहिणीने मनापासून क्षमा केली, की दोन समाजांत समतोल साधण्यासाठी तिच्याकडून ती मागून घेतली? कागदावरून हे कळत नाही.

रीवाच्या आईचे पाहा. जून स्टीनकँप यांनी सांगितले, की त्यांनी ऑस्करला फार पूर्वीच क्षमा केली; रागाला चिकटून राहून जगता आले नसते. २०२३ मध्ये त्यांनी पॅरोलला विरोध केला नाही, आणि ५ जानेवारी २०२४ रोजी तो सुटला. पण त्याच निवेदनात त्यांनी चोराच्या गोष्टीवर आपला विश्वास नसल्याचेही सांगितले. क्षमा केली, पण त्याची हकिकत खरी मानली नाही. आम्हांला ही बाई अनेक प्रवचनांपेक्षा मोठी वाटते. प्रायश्चित्त संस्कारातही आधी ‘हे मी केले’ म्हणावे लागते, पापमुक्तीचे शब्द त्यानंतर येतात.

आपल्याकडे मात्र उलट चालते. माणूस जातो, तेराव्याच्या आत मध्यस्थ दारात येतात. पोरगं नावाजलेलं पहिलवान आहे, गावाचं नाव काढलंय, मिटवून घ्या. पंजाबात क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांच्या मारहाणीच्या प्रकरणात १९८८ मध्ये दगावलेल्या पासष्ट वर्षांच्या गुरनाम सिंग यांच्या घरच्यांनी मिटवून घेतले नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त एक हजार रुपये दंड केला, तरी ते फेरविचारासाठी परत गेले. मे २०२२ मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी झाली. चौतीस वर्षे. त्यांना सूडबुद्धीचे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते तसे वाटत नाहीत.

अशा प्रसंगी कधी कधी आम्हांलाही निरोप येतो. ‘फादर, तुम्ही त्या बाईला दोन शब्द सांगा. क्षमा करायला सांगा, तुमचं ती ऐकेल.’ ज्या घरात माणूस गेला त्या घरी आम्ही जातो, बसतो, प्रार्थना करतो. मारणाऱ्याच्या आईकडेही जातो, तिचेही पोर तुरुंगात आहे. पण तो निरोप आम्ही नेत नाही.