विहिरीचा कठडा

शहरातली पाहुणेमंडळी रानातल्या एखाद्या वस्तीवर गेली की त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते हे : "काय ही शांतता!" आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिकडे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या रानपट्ट्यात शेतातच घर करून राहणारी काही कुटुंबे आहेत. त्यांतल्या एका वस्तीवर महिन्यातून एका रविवारी आम्ही उपासनेसाठी जातो. तिथवर विजेची तार पोचलेली नाही आणि गाडीरस्ता ओढ्याशीच संपतो. शांतता आहे खरी. पण तिची किंमत कोण आणि कशी भरतो, हे समजायला आम्हांला फार दिवस लागले.

तिथला दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. पाणी शेंदायचे, गोठा काढायचा, धार काढायची, चूल पेटवायची. पावसाचे चार महिने चूल चालावी म्हणून मेअखेरच्या आत लाकूडफाटा फोडून, वाळवून पडवीत रचावा लागतो. कौले शाकारावी लागतात, गुरांचे गवत रचून झाकावे लागते. भात पिकू लागले की रानडुकरे आणि गवे येतात, तेव्हा माळ्यावर बसून रात्रभर राखण करावी लागते. एखाद्या कामात चालढकल झाली तर साहेब रागावत नाही. दोन महिन्यांनी ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, एवढेच. ज्या घरात नळ नाही, बटण नाही, तिथे प्रत्येक सोयीमागे घरातल्याच कोणाचे तरी दोन हात असतात.

या कामांच्या शेजारीच धोके राहतात, आणि तेही शांतपणेच राहतात. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, पुढे श्वास कोंडतो. अशा वेळी कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांनी अपायच होतो. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता माणसाला प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात नेणे हाच उपाय. पण दवाखाना ओढ्यापलीकडे असतो. भीमगड अभयारण्याच्या परिसरातील वाड्यांतून आजाऱ्याला खांद्यावर वाहून आणल्याच्या बातम्या २०२४ सालच्या पावसाळ्यातही आपण वाचल्या. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतलीच होती.

विहिरीचेही तसेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही जण तेलाचे इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर खाली जीव गुदमरवणारी हवा आहे हे कळते. परंतु इंजिनाच्या या वायूत कंदील जळत राहतो आणि माणूस मात्र पडतो. त्याला काढायला दोर न बांधता घाईने उतरलेला दुसराही त्याच्याशेजारी पडतो. म्हणून इंजिन विहिरीत चालवूच नये, हा एकच शहाणपणा.

काही वर्षांपूर्वी, श्रावणात, त्या वस्तीवरचा चार वर्षांचा मुलगा विहिरीत पडून गेला. त्या भागात पाऊस इतका पडतो की विहीर तोंडापर्यंत भरते, काठावर गवत माजते, आणि जमीन कोठे संपली व पाणी कोठे सुरू झाले हे मोठ्या माणसालाही चटकन कळत नाही. विहिरीला कठडा नव्हता. "मार्चमध्ये बांधू," असे त्याचे वडील दोन वर्षे म्हणत होते. एका वर्षी बैल मेला, दुसऱ्या वर्षी घरात दुखणे निघाले, आणि कठड्याचे पैसे तिकडे गेले.

पुरण्याच्या वेळी बोलण्याचे काम आमच्याकडे आले. ईश्वरविद्येची पदविका आमच्यापाशी आहे, अशा प्रसंगीचे शब्द आम्हांला पाठ आहेत. प्रभूच्या इच्छेपुढे मनुष्याने नम्र व्हावे, असे आम्ही बोललो. सर्व आटोपल्यावर मुलाची आजी आमच्याजवळ आली. रागावली नव्हती. तिने इतकेच विचारले, "मास्तर, कठडा असता तर देवाची इच्छा अडली असती काय?"

आम्ही उत्तर दिले नाही. सहा वर्षे त्या विहिरीचे पाणी आम्ही प्यालो होतो. पावसाळ्यात ती काठोकाठ भरलेली पाहून, "किती सुंदर दिसते!" असेही आम्ही एकदा म्हणालो होतो. कठडा नाही हे आम्हांला दिसत होते. आम्ही बोललो नाही, कारण विहीर आमची नव्हती आणि आमचा विषय उपदेशाचा होता.

वाचकहो, त्या प्रश्नाने आम्हांला पुन्हा शास्त्राकडे नेले. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की धाब्याला कठडा कर, नाही तर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, खड्डा खणून उघडा ठेवणाऱ्याने त्यात पडून मेलेल्या बैलाची भरपाई करावी असे आहे. त्याच अध्यायात मारक्या बैलाविषयी जे आहे ते तर अधिक विचार करायला लावते. बैलाने पहिल्यांदाच माणूस मारला, तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे त्याला आधी सांगितलेले असूनही त्याने बांधला नाही, तर तो दोषी. मृत्यू तोच, बैल तोच. फरक पडला तो ठाऊक असण्याने. येथे देवाची इच्छा काय होती, असे नियमशास्त्र विचारीत नाही. कोणाला ठाऊक होते, असे विचारते.

मग दोष त्या बापाचा? असे म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचे आहे. त्याला ठाऊक होते, पण हाती काही नव्हते. आम्हांलाही ठाऊक होते, आणि आमच्या मंडळीत गवंडीकाम जाणणारे दोघे होते. ज्याला दिसते आणि ज्याच्या हाती थोडे बळ आहे, त्याच्याकडे उत्तरदायित्वाचा वाटा जातो, मग विहीर कोणाचीही असो. रस्ता नसणे, प्रतिविष दूर असणे, हेही उघडे खड्डेच आहेत. ते त्या बापाने खणलेले नाहीत.

कोणी म्हणेल, "इतकी काळजी म्हणजे विश्वासाची उणीव." अशांनी मंदिराच्या शिरोभागी आपल्या प्रभूची झालेली परीक्षा आठवावी. खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असा तो मोह होता आणि प्रभूने तो नाकारला. उडी न टाकण्यात विश्वास उणा पडला नाही. तर मग कठडा बांधण्यात तो कसा उणा पडेल?

उपाय पुष्कळदा लहानच असतो. श्रीलंकेत बाटलीचे रॉकेलचे दिवे कलंडून माणसे भाजत, हे पाहून विजय गोडकुंबुर या शस्त्रवैद्यांनी बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा आणि फिरकीच्या झाकणाचा दिवा तयार केला. तो सहसा कलंडत नाही, कलंडला तरी गडगडत नाही आणि तेल सांडत नाही. या कामासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. भाजलेल्यांवर उपचार करीत राहिले असते तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्यांनी भाजण्याच्या आधीचा विचार केला. प्रीती बहुधा घटना घडल्यानंतर धावते. तिने आधी चालायला शिकले पाहिजे.

एवढे करूनही धोका उरतोच. आंबा टाळून उघड्यावरून घरी परतणाऱ्यावरही वीज पडू शकते. सारे केल्यावर जे उरते, ते देवाच्या हाती सोपवावे. तेथे नम्र होणे हाच खरा विश्वास होय. परंतु जे आपल्या हातचे होते ते त्याच्या माथी मारून वर नम्रतेचा उपदेश करणे, हा त्याच्या नावाचा व्यर्थ उच्चार आहे. आम्ही तो केला आहे, म्हणून लिहीत आहोत.

पुढच्या मार्चमध्ये मंडळीतले पाच जण दोन दिवस वस्तीवर राहिलो. जांभा दगडाचा कंबरेइतका कठडा बांधला. आजीने आम्हांला जेवायला वाढले, पण कठड्याविषयी ती एक शब्दही बोलली नाही, आणि आम्हीही आभाराची वाट पाहिली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही उशिरा दिले होते.

बंधुभगिनींनो, पुढच्या खेपेस अशा एखाद्या घरी जाल तेव्हा प्रार्थना अवश्य करा. पण घरात शिरण्यापूर्वी विहिरीला एक फेरी मारा. मुले जमिनीवर निजतात की खाटेवर मच्छरदाणीत, ते विचारा. दिवा कशावर ठेवला आहे ते पाहा. आणि काही उणे दिसले तर, घर आपले नाही म्हणून गप्प बसू नका.