मांजराचे नख आणि माणसाचे बळ

माणसाच्या स्वभावाची परीक्षा त्याच्याहून बलवान असलेल्यांपुढे होत नाही. बलवानापुढे बहुतेक सारेच नम्र असतात. खरी परीक्षा होते ती आपल्या हाती सापडलेल्या दुर्बलासमोर. आणि आपण त्याचे भले करायला निघालो असू, तर ती अधिकच अवघड होते. दुष्ट हेतूने केलेली जबरदस्ती चटकन ओळखू येते. चांगल्या हेतूने केलेली मात्र करणाऱ्यालाही ओळखता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक अगदी घरगुती उदाहरण घेऊ : घाबरट मांजराची नखे कापणे.

पूर्वी आपल्या वसईकडच्या वाड्यांतून मांजरांची नखे कोणी कापीत नसे. चिकू-आंब्याच्या खोडावर नखे ओरबाडली की त्यांवरचे जुने कवच गळून पडे. आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कोंडलेले आहे. त्यातून ते म्हातारे झाले, तर ओरबाडणे कमी होते, नखे जाड होतात आणि वळून तळव्याच्या गादीत रुतूही शकतात. तेव्हा नखे कापणे हा शहरी चोचला नव्हे. ती कित्येकदा गरज असते.

मांजराला साधारणपणे अठरा नखे असतात : पुढच्या प्रत्येक पायाला पाच, मागच्या प्रत्येक पायाला चार. नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. कापायचे ते केवळ पुढचे पारदर्शक टोक. हे आपल्याला ठाऊक असते, मांजराला नव्हे. त्याला इतकेच कळते की, ज्या पंजांच्या बळावर आपण पळतो, चढतो आणि स्वतःचे रक्षण करतो, तो पंजा कोणीतरी पकडून ठेवला आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याची भीती मुळीच अवाजवी नाही.

येथे दोन वाटा फुटतात. पहिली बळाची. दोघांनी मिळून मांजराला दाबून धरावे, मानगूट आवळावी आणि पाच मिनिटांत काम उरकावे. नखे कापली जातात, पण पुढच्या खेपेस नखकात्री दिसताच ते कपाटाखाली दडते. मानगूट पकडून मांजराला जखडू नये, असे मांजरांच्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सुचविले आहे. त्यातून भीती वाढते, हे त्याचे कारण.

दुसरी वाट धीराची. मांजर जेवून सुस्तावले असताना त्याच्याजवळ बसावे. पहिल्या दिवशी पंजाला क्षणभर स्पर्श करावा, लगेच उकडलेल्या मासळीचा बारीक तुकडा द्यावा आणि उठून जावे. काही दिवसांनी पंजा हलकेच दाबून नख बाहेर येऊ द्यावे. नखकात्री नुसती शेजारी ठेवावी. तिचा आवाज दुरून ऐकवावा. मग एखाद्या दिवशी एकच नख कापावे आणि थांबावे. कान मागे पडले, शेपटी आपटू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की त्या दिवसापुरते काम संपले असे समजावे. चुकून रक्त आलेच तर मक्याचे पीठ दाबून धरावे आणि त्या दिवशी पुन्हा कात्री हाती घेऊ नये. अठरा नखांना कदाचित पंधरवडा लागेल. त्याने काही बिघडत नाही.

कोणी विचारील, मासळीचा तुकडा ही लाच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. लाच घेणारा आपली सदसद्विवेकबुद्धी विकतो. येथे विकण्यासारखे काही नाही. एका वाईट आठवणीच्या जागी चांगली आठवण रुजविणे एवढेच घडते. शिवाय मांजराला नको म्हणण्याची मोकळीक असते. ते उठून जाऊ शकते आणि आपण त्याला जाऊ देतो. समजावून सांगता येत नाही अशा जिवाला देता येणारा आदर तो हाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसे उपाशी असताना मांजराच्या नखांसाठी इतका खटाटोप कशाला? 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या आहेत : प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. पण धीराला पैसा लागत नाही. 13 व्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आणखी एक मुद्दा मांडला : प्राण्यांशी क्रूर वागणारा माणूस पुढे माणसांशीही क्रूर होऊ शकतो. याची उलट बाजूही खरी असावी. हाताला लागलेली हळुवारपणाची सवय समोर कोण आहे हे पाहून बदलत नाही.

धीरालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. नख तळव्यात रुतून जखम झाली असेल, तर पंधरा दिवस थांबणे ही दया नव्हे. तेव्हा पशुवैद्याकडे न्यावे. ते गरजेप्रमाणे गुंगीचे औषध देतील. मात्र गरज आणि सोय यांत फरक करायला हवा. काही देशांत सोफे ओरबाडले जाऊ नयेत म्हणून मांजराची नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होत आली आहे. तीत बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने 2019 साली तिच्यावर बंदी घातली. ती सोय मालकाची होती. किंमत मात्र मांजर मोजीत होते.

आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना हाच प्रश्न मला माणसांच्या बाबतीत दिसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची नखे कापायची असतात. ते हात मागे ओढतात. मुलगा कामावर जाण्याच्या घाईत मनगट घट्ट धरून म्हणतो, “बाबा, हलू नका. तुमच्याच भल्यासाठी आहे.” त्याचे प्रेम खोटे नसते. सून मात्र शेजारी टेकते, त्यांचा हात आपल्या हातात राहू देते, काय करणार आहे ते सांगते, जुन्या केळीच्या बागेची चौकशी करते आणि दोन नखे कापून थांबते. बाबा ऐकलेले विसरतील. तरीही ते सांगितले जाण्याचा त्यांचा हक्क संपत नाही. मांजर आणि माणूस यांतला भेद येथे आहे. माणसाला हळुवार स्पर्शाबरोबर शब्दही देणे लागते.

“तुझ्या भल्यासाठी” हे वाक्य आपल्या घरांत लहानांना आणि थकलेल्यांना रोज ऐकविले जाते. ते उच्चारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही घाई त्याच्या भल्याची आहे, की माझ्या वेळेची? उत्तर दुसरे असेल, तर उरलेली नखे उद्या कापता येतील.